यॉर्कच्या नावात रानडुक्कर कुठून आलं?

इंग्लंडमधलं यॉर्क हे नाव आज इतकं छोटं आणि सुटसुटीत आहे की त्याचं मूळ एबोराकम आहे हे पटकन पटतच नाही. इ.स. ७१ च्या आसपास रोमन सैन्याने ऊझ नदीच्या काठी किल्ला बांधला तेव्हा तिथल्या केल्टिक लोकांनी त्या जागेला दिलेलं नाव त्यांनी आपल्या लॅटिन पद्धतीने उचललं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याचा अर्थ यू नावाच्या सदाहरित झाडांची जागा असा होता. उत्तर इंग्लंडमधल्या रोमनकालीन हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा या रोमन किल्ल्याच्या जागी मातीत सापडलेल्या, इ.स. १०० च्या सुमाराच्या लाकडी पातळ पट्टीवर शाईने लिहिलेलं 'एबुराकी' अजून वाचता येतं.

मग आले अँग्लो-सॅक्सन, म्हणजे रोमनांनंतर इंग्लंडमध्ये वसलेल्या जर्मानिक टोळ्या. तोवर स्थानिक बोलीत मधला 'ब' घासून 'व' झालेला, त्यामुळे यांना ऐकू आलं 'एवोर' सारखं काहीतरी, आणि यांच्या भाषेत रानडुकराला म्हणायचे एओवोर, म्हणजे झालं, झाड गेलं आणि डुक्कर आलं! पुढे विक म्हणजे वस्ती जोडून एओवोरविक. लोक अनोळखी नावाला ओळखीच्या शब्दात बसवतात याला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि मला तर यापेक्षा सुंदर उदाहरण दुसरं माहीत नाही.

८६६ मध्ये स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांनी शहर घेतलं. त्यांच्या तोंडी सुरुवातीच्या 'एओ' मधला जोर पुढच्या स्वरावर सरकला आणि 'यो' झाला, मधला 'व' गळाला, की योर्विक तयार. त्यांच्या भाषेत वीक म्हणजे खाडी, आता यॉर्क समुद्रापासून चांगलंच आत आहे, पण नाव घेताना कोण नकाशा बघतं, कानाला ओळखीचं वाटलं की पुरे.

गंमत म्हणजे १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या राजाच्या नोंदवहीत, तेव्हा सत्तेवर असलेल्या फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांच्या कारकुनांनी एउरुइक लिहिलंय, म्हणजे लिखाणात जुनं सॅक्सन वळण आणि बोलण्यात व्हायकिंगांचं, दोन्ही बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदत होती. शेवटी बोलण्याने बाजी मारली. योर्विकचं शेवटचं अक्षर बिनजोराचं, ते आखडत गेलं आणि तेराव्या शतकात यॉर्क हे रूप कागदावर दिसायला लागलं, तरी येर्क, यूर्क, यार्क अशी स्पेलिंगं नंतरही फिरत राहिली कारण तेव्हा एकच स्पेलिंग बरोबर असा नियमच नव्हता. लॅटिन रूप मात्र चर्चने सोडलेलं नाही, यॉर्कचे आर्चबिशप आजही सहीत आडनावाऐवजी 'एबोर' लिहितात.