बदलापूरचा गारठा आणि पहाटेचं धुरकं

डिसेंबर-जानेवारीत मुंबई परिसरातल्या नीचांकी तापमानाची बातमी आली, की तिच्यात बदलापूरचं नाव बहुतेक असतंच. कुलाब्याचा पारा १८-१९ अंशांवर अडलेला असताना इथे तो १२-१३ पर्यंत उतरतो. बदलापूरकरांना त्याचं कौतुक आहे, आणि असायलाही हरकत नाही. मात्र ज्या कारणांनी इथे गारठा पडतो, त्याच कारणांनी पहाटेची हवा बिघडते.

आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी. अशा रात्री जमीन दिवसभराची उष्णता भराभर सोडून देते आणि तिला चिकटून असलेली हवा गार होते. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. या रात्री उलट होतं. खाली गार, वर तुलनेने ऊबदार. गार हवा जड असल्याने ती वर उठत नाही, आणि वरचा ऊबदार थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसून राहतो. याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. त्यात बदलापूर उल्हास नदीच्या खोऱ्यात, डोंगररांगांच्या कुशीत. उतारावरची गार हवाही रात्री खालीच येते.

दुपारी उन्हाने तापलेली हवा घुसळत एक-दीड किलोमीटर उंचीपर्यंत जाते, म्हणजे धूर आणि धूळ तेवढ्या उंचीत पसरतात. पहाटे हीच उंची शे-दोनशे मीटरवर येऊ शकते. धूर तेवढाच, पण तो मावायला जागा दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ‘रात्री कारखाने धूर सोडतात’ या तक्रारीत तथ्य असेलही, पण कुणी जास्तीचा काहीच सोडला नाही तरी पहाटे हवा दाटणारच.

दुपारचं गणित वेगळं. समुद्रकिनारा इथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. खारा वारा मुंबईत दुपारी सुरू होतो आणि ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ ओलांडत उशिरा इथे पोचतो. वाटेतल्या गाड्यांचा, कारखान्यांचा धूर घेऊनच. या प्रवासात त्यातून ओझोन हा जमिनीलगत श्वासाला त्रास देणारा वायू तयार होतो. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या, रसायनांच्या वाफा यांच्यावर ऊन पडलं की हा वायू बनतो. भर रहदारीत ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. म्हणून मोठ्या शहरांच्या बाबतीत अनेकदा असं दिसतं, की ओझोन शहराच्या मध्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या उपनगरांत जास्त.

स्थानिक धुराचाही हंगाम असतो. पाऊस सरला की आसपासच्या वीटभट्ट्या पेटतात आणि पुढच्या पावसापर्यंत चालतात. फेब्रुवारीपासून डोंगरांवर वाळल्या गवताला वणवे लागतात. उन्हाळ्यात भातशेतकरी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात. राबाचा धूर डोळ्यांत भरतो खरा, पण तो थोड्या दिवसांचा. बांधकामांची आणि उखडलेल्या रस्त्यांची धूळ आठ महिने उडत असते. दोष देताना मात्र बोट आधी शेतकऱ्याकडेच वळतं.

जूनमध्ये सगळं स्वच्छ होतं. पाऊस हवा धुऊन काढतो असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. जाड धूळ थेंबांबरोबर खाली येते. पण ०.१ ते १ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे कण कोसळणाऱ्या थेंबाला सहसा सापडत नाहीत. हवेच्या प्रवाहाबरोबर ते त्याच्या कडेने निसटतात. आणि या मापाचे कण फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. त्यांतले काही ढगांतच थेंबांची बीजं बनून पावसाबरोबर उतरतात. बाकीचं मोठं काम नैर्ऋत्येचा वारा करतो: शेकडो किलोमीटर समुद्रावरून आलेली स्वच्छ हवा तो सतत आत ढकलतो. भिजलेल्या जमिनीवरून धूळही उडत नाही. पावसाने ओढ दिली तरी वारा टिकून असेल तर हवा बरी राहते, ती यामुळेच.

मोबाइलवर दिसणारा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा बहुधा २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. समजा, पीएम २.५ हे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण पहाटेचे चार तास घनमीटरमागे १५० मायक्रोग्रॅम आणि उरलेले वीस तास ५० होते. सरासरी येते ६७ च्या आसपास, म्हणजे ‘मध्यम’. पहाटेचे १५० मात्र दिवसभर टिकले असते, तर तोच दिवस ‘अति वाईट’ ठरला असता. तेव्हा एक्यूआयबरोबर तासागणिक नोंदीही मिळत असतील तर त्या पाहाव्यात. दमेकऱ्यांनी आणि वयस्कर मंडळींनी थंडीत मॉर्निंग वॉकला पाचऐवजी नऊनंतर निघावं. उन्हाने जमीन तापून वरचा थर फुटायला साधारण तेवढा वेळ लागतो. साधं धुकं तोवर विरून जातं. त्यानंतरही डोंगर तपकिरी पडद्याआड दिसत असतील, तर ते धुरकं आहे, आणि त्या दिवशी फिरणं घरातच केलेलं बरं.