सरावाचा पाय परत पाठवण्याआधी हे वाचा

“पंप चालतोय, पण जखमेतून रक्त येत नाही.” सरावाचा पाय म्हणजे रक्तस्राव थांबवायला शिकण्यासाठी जखम आणि पंप बसवलेला कृत्रिम पाय. तो आमच्याकडून भाड्याने नेणाऱ्यांचे बहुतेक फोन याचसाठी येतात. पंप ठणठणीत असतो, तुंबलेली असते ती नळी. सराव संपतो, धुणं उद्यावर जातं आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली कृत्रिम रक्त रात्रभरात नळीत खपली धरतं.

म्हणून धुणं त्याच तासात. उरलेलं रक्त टाकीतून ओतून द्या, दोन लिटर गार पाणी भरा आणि जखमेतून स्वच्छ पाणी येईपर्यंत पंप चालवा. मग लिटरभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, पुन्हा साधं पाणी, शेवटी टाकी रिकामी करून अर्धा मिनिट नुसता पंप. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा दोन बादल्या आधीच भरून ठेवा. शेवटच्या धुण्याला बोअरचं पाणी नको, व्हॉल्व्हमध्ये क्षार बसतात. जखम टेरी टॉवेलने पुसू नका. टॉवेल सोलापूरचा असला म्हणून काय झालं, तंतू आत राहतातच. जुनं धोतर उत्तम.

कृत्रिम रक्ताची पुडी संपली की काही जण साखरेच्या पाकात खायचा रंग कालवतात. पाक नळीत चिकटतो, मुंग्या लागतात. पायावर केलेली बॉलपेनची खूण तर निघतच नाही.

“रक्ताशिवाय सराव चालणार नाही का?” चालतो, पण कोरड्या पायात जखमेत गॉझ (जाळीदार पट्टी) कोंबणं कुणालाही जमतं. बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंटचं, म्हणजे रणांगणावर जखमींवर प्रथमोपचार करण्याचं, शिक्षण घेणाऱ्या जवानाला समजायला हवं की गॉझ वाहत्या धमनीपर्यंत पोचलं की वरच्या वर कोंबलं गेलं. ते पंप चालू असतानाच दिसतं. टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत पिळायची आणि वेळ लिहायची, हे सगळ्यांना पाठ असतं. हात मात्र एक पीळ आधीच थांबतो.

आमची निळी टूर्निकेट फक्त सरावाची. पिळून पिळून तिचा पट्टा थकलेला असतो; खऱ्या किटात ती चुकूनही ठेवू नका.

पाय वाळलेल्या नळीसह आला तर नळीचा खर्च अनामतीतून कापतो. हा दंड नव्हे. नळी मांडीच्या आतून जाते, ती बदलायला पाय पूर्ण उघडावा लागतो, अर्धा दिवस जातो आणि पुढच्या तुकडीचा सराव रखडतो. दर आठवड्याला सराव असेल तर भाड्यापेक्षा स्वतःचा पाय घेतलेला परवडतो. सोबत रक्ताच्या दहा पुड्या आम्ही देतो. धुणं मात्र तेव्हाही त्याच तासात.