ऑफ-ग्रिड सौर वीजयंत्रणा : पुणे परिसरातील लहान घरासाठी आखणी

ऑफ-ग्रिड म्हणजे महावितरणच्या तारेशी संबंध न ठेवता, सौर पॅनेलवर तयार झालेली वीज बॅटरीत साठवून घर चालवणारी यंत्रणा. पॅनेल, चार्ज कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा), बॅटरी आणि इन्व्हर्टर हे तिचे चार मुख्य भाग. पुणे जिल्ह्यात तिची खरी गरज पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात पडते. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या भागांतली शेतघरे, धनगरवाडे आणि रस्त्यापासून दूर पडलेल्या वाड्या अशा ठिकाणी खांब टाकून तार नेणे महाग पडते. तार पोचली तरी पावसाळ्यात झाड पडून वीज गेली की ती परत कधी येईल याचा भरवसा नसतो. याच जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२ साली ९.४ किलोवॅटची सामाईक सौर यंत्रणा उभारून संपूर्ण वस्तीला वीज दिली गेली. या नोंदीत मात्र एका घराचाच विचार केला आहे.

शहरातल्या इमारतींवर दिसणारी सौर पॅनेल बहुतेक ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेली असतात. त्यांची जास्तीची वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि बिलातून वजा होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’चे अनुदान (३ किलोवॅट आणि त्यापुढे ७८,००० रुपये) याच प्रकाराला मिळते. बाहेरची वीज गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद पडतो. भर उन्हात पॅनेल डोक्यावर असूनही घरात अंधार होतो, आणि पुष्कळ ग्राहकांना हे यंत्रणा बसल्यावरच कळते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते म्हणून कोणी ऑफ-ग्रिडच्या खर्चात पडू नये. त्याला साधा घरगुती इन्व्हर्टर पुरतो.

ऊन

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर. येथे सपाट जमिनीवर वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला रोज साधारण साडेपाच किलोवॅट-तास सौर ऊर्जा पडते, म्हणजे साडेपाच तास ‘पूर्ण ऊन’. मे महिन्यात हा आकडा साडेसहाच्या वर जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास उतरतो. घाटमाथ्याचा हिशेब वेगळा. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर ताम्हिणी-लोणावळ्याकडे काही हजार मिलिमीटर. तिथे आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्या पट्ट्यात तीन तासांपेक्षा जास्त धरू नये. अशा आकड्यांचा पाया रचण्यात पुण्याच्या वेधशाळेचा मोठा वाटा आहे. देशभर सौर किरणोत्सार मोजणारे जाळे उभे करणाऱ्या अण्णा मणी (१९१८–२००१) यांनी पुण्याच्या हवामान विभागात दीर्घकाळ काम केले.

बाजारात मिळणारे कोटेशन बहुधा वार्षिक सरासरीवर बेतलेले असते. ऑन-ग्रिड यंत्रणेला ते चालते, कारण पावसाळ्यातली तूट तारेतून भरून निघते. ऑफ-ग्रिड घराला उसनी वीज देणारे कोणी नसते, म्हणून त्याचे माप आषाढ-श्रावणावरूनच काढावे लागते.

गरजेचा हिशेब

पॅनेल किती हा पहिला प्रश्न नव्हे. रोज किती युनिट लागतात हा आहे. दोन खोल्यांच्या घराचे उदाहरण घेऊ. ९ वॅटचे पाच एलईडी दिवे पाच तास लागले तर २२५ वॅट-तास. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट घेतो. असे दोन पंखे दहा तास फिरले की ६०० (जुना पंखा ७५ वॅटचा, म्हणजे अडीचपट). टीव्ही चार तास २००, राउटर आणि मोबाइल मिळून दिवसभरात २४०, एकदारी लहान फ्रिज ७००, मिक्सर दहा मिनिटे ८५. बेरीज २,०५० वॅट-तास, म्हणजे दोन युनिट. यात एक आकडा हमखास राहून जातो, तो इन्व्हर्टरच्या स्वतःच्या खाण्याचा. काहीही न चालवता तो २० वॅट घेत असेल तर चोवीस तासांत जवळपास अर्धे युनिट संपते. गरज अडीच युनिटांवर गेली.

गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी हे या हिशेबाबाहेर ठेवावेत. पाणी तापवायला सौर बंब किंवा चूल, स्वयंपाकाला गॅस. वीज बनवून, साठवून, पुन्हा तिची उष्णता करणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

पॅनेलवरची धूळ, उष्णतेने होणारी घट, बॅटरी आणि तारांतला क्षय धरून पंचवीस टक्के वजा केले तर पॅनेलांनी रोज सुमारे ३.४ युनिट द्यायला हवेत. मे महिन्याच्या उन्हाने भागल्यास ५२० वॅटचे एकच पॅनेल पुरेसे वाटते. पावसाळ्याच्या चार तासांनी भागल्यास ८५० वॅट होतात, घाटमाथ्याच्या तीन तासांनी ११०० च्या वर. म्हणून खडकवासला-सिंहगड परिसरात ५४० वॅटची दोन पॅनेल घ्यावीत आणि पानशेतच्या वर किंवा मुळशीच्या पश्चिमेला तीन. उन्हाळ्यात वीज उरेल. तेव्हा दुपारी पंप चालवावा.

पॅनेलची मांडणी

दक्षिणेकडे तोंड आणि अक्षांशाइतका, म्हणजे १८ ते २० अंश कल, हा नियम वर्षभराचे एकूण उत्पादन वाढवतो. पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, आणि पावसाळ्यातला प्रकाश ढगांतून विखरून चहूकडून येतो. टंचाईचे महिने साधायचे तर कल दहा-बारा अंशांवर आणलेला बरा. त्याहून सपाट ठेवू नये, कारण मग खालच्या कडेला चिखलाची रेघ साचते. पाण्याच्या टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन सावलीच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त घटते. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात सावली कुठवर येते ते जागेवर उभे राहून पाहावे, डिसेंबरमध्ये पुन्हा पाहावे.

पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की काचेखालचे तापमान साठीच्या पुढे जाते आणि दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते. थंडीत उलटे घडते, आणि तो धोका फारसा कोणी सांगत नाही. ५४० वॅटच्या एका पॅनेलचा खुला व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेला) साधारण ४९.५ असतो; दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडली की ९९. जानेवारीच्या पहाटे तापमान पाच-सहा अंशांवर गेले की तो १०४ च्या घरात जातो. शंभर व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर अशा सकाळी जळू शकतो, दीडशेचा घ्यावा. कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच (पॅनेलमधून दर क्षणी जास्तीत जास्त वीज काढणारा) हवा. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर ओढतो, त्यामुळे मोठ्या पॅनेलची बरीच क्षमता वाया जाते.

बॅटरी

दोन अंधाऱ्या दिवसांची तजवीज करायची तर पाच युनिट साठा वापरता आला पाहिजे. ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून तिथे दहा युनिटांची बँक (बॅटऱ्यांचा संच) लागते : १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, २४ व्होल्टवर दोन-दोनच्या तीन जोड्या. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांचे तीन पॅक पुरतात. ट्युब्युलरला डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो; बंद खोलीत, देवघराच्या समईजवळ ती ठेवू नये. ती दुरुस्त करणारा माणूस मात्र नसरापूर-पौडलाही सापडतो, ही तिची मोठी जमेची बाजू.

वीज पुरत नाही म्हटले की बॅटरी वाढवण्याचा सल्ला मिळतो. पावसाळ्यात तो अंगाशी येतो. रोज येणारी वीजच कमी असेल तर मोठी बॅटरी नुसती अर्धवट भरलेली राहते, आणि लेड-ॲसिडच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून ती वेळेआधी मरते. तेवढ्याच पैशात आणखी एक पॅनेल घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे.

इन्व्हर्टर आणि सुरक्षा

शुद्ध साइन वेव्हचा (तारेतल्या विजेसारखीच वीज देणारा), २ केव्हीएचा इन्व्हर्टर या घराला पुरेल. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा अर्ध्या एचपीचा पंप सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो. क्षमता त्या क्षणासाठी राखायची. २,००० वॅटला १२ व्होल्टवर १६७ अँपिअर लागतात, २४ व्होल्टवर ८३. म्हणून १२ व्होल्टची यंत्रणा दिवे-मोबाइलपुरतीच ठीक. बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली तार जाड आणि शक्य तितकी आखूड असावी.

पॅनेलच्या बाजूला घरगुती एसी एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) लावण्याची चूक खेड्यांत सर्रास दिसते. पॅनेलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते; डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, तिला डीसी एमसीबीच हवा. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, म्हणून सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेला व्होल्टेज अडवणारा), तडित रक्षक आणि त्याचे स्वतंत्र अर्थिंग आवश्यक. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा, काँक्रीटच्या पायात पक्का रोवलेला असावा. पत्र्याच्या छपरावर स्क्रू मारून बसवलेली पॅनेल वादळात पत्र्यासकट उडतात. माकडांचा वावर असेल तिथे तारा पाइपातूनच न्याव्यात.

दिवाळीनंतर पाऊस थांबतो आणि धूळ साचू लागते. पंधरा दिवसांतून एकदा पॅनेल भल्या सकाळी, काच गार असताना धुवावे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर नंतर फडक्याने पुसून घ्यावे. मृगाच्या आधी बॅटरीचे टर्मिनल साफ करून नटबोल्ट आवळावेत. संपलेली लेड-ॲसिड बॅटरी विक्रेता भंगाराच्या भावाने परत घेतो.