आडनाव, गाव, मीडियम: वैद्यकीय शिक्षकांच्या नकळत पूर्वग्रहामागचा इतिहास

बेळगावच्या सीमाभागातल्या मेडिकल कॉलेजात नवा विद्यार्थी समोर आला की तीन प्रश्न ठरलेले असतात: आडनाव काय, गाव कुठलं, दहावीपर्यंत मीडियम कुठलं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, ओळख करून घ्यायची आपली रीतच ती. पण खानापूरच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी, बैलहोंगलच्या कन्नड शाळेतून आलेला मुलगा आणि ऑल इंडिया कोट्यातून आलेला हिंदी भाषिक, यांच्याविषयी शिक्षकाचं निम्मं मत या उत्तरांवरच तयार होतं. वॉर्डातल्या राउंडला अवघड प्रश्न कोणाला टाकायचा, चुकलं तर सांभाळून घ्यायचं की झापायचं, इंटर्नल परीक्षेत मार्क किती द्यायचे, हे पुढे त्या मताच्या कलाने ठरत जातं. शिक्षकाला विचाराल तर तो छातीवर हात ठेवून सांगेल, मी भेदभाव करत नाही. तो खोटं बोलत नसतो.

ही सवय इथे इतकी मुरली, त्याला इतिहास आहे. 1956 साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच वेळी बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 मध्ये आला, महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. माणूस ‘आपला’ की ‘त्यांचा’ हे आधी पाहून घेण्याची सवय एवढ्या वर्षांत घराघरांत शिरली. बेळगावात 1963 साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि पुढे शहर वैद्यकीय शिक्षणाचं केंद्र झालं. सीमेपलीकडचा चंदगडचा पेशंट आजही उपचाराला इकडेच येतो. एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, कोकणी, दखनी उर्दू कानावर पडते आणि शिकवणं मात्र इंग्रजीत चालतं.

शिक्षकाच्या अपेक्षेचा विद्यार्थ्यावर परिणाम होतो का, हे तपासण्याचा गाजलेला प्रयोग 1960 च्या दशकात रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत केला. काही मुलं यंदा चमकणार, असं शिक्षकांना सांगितलं. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली ती मुलं चाचणीत खरोखर पुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर पुढे बरेच आक्षेप आले, तरी शिक्षकाची नजर हीसुद्धा तपासण्याची गोष्ट आहे, हे त्यातून मान्य झालं.

1995 मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि सिकंदराबादेत जन्मलेल्या महजरीन बानाजी यांनी मांडलं की माणसाची मतं त्याच्या जाणिवेबाहेरही काम करत असतात. 1998 मध्ये ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी शब्दांच्या जोड्या लावायला लागणाऱ्या वेळावरून हा कल मोजण्याची चाचणी आणली. वैद्यकक्षेत्रात विषय पेटला तो अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या 2002 च्या अहवालाने. विमा आणि उत्पन्न सारखं धरलं तरी वंशानुसार उपचारांचा दर्जा बदलतो, आणि त्यात डॉक्टरांच्या पूर्वग्रहाचाही वाटा असू शकतो, असं त्यात म्हटलं होतं. हा पूर्वग्रह कॉलेजातच पिढीजात चालतो का, असा प्रश्न त्यातून उभा राहतोच. 2016 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंटना, म्हणजे पदवीनंतर शिकणाऱ्या डॉक्टरांना, काही विधानं दिली. काळ्या लोकांची कातडी जाड असते, यासारखी चुकीची विधानं. जवळपास निम्म्यांनी त्यातलं किमान एक तरी खरं मानलं. अशा गोष्टी पुस्तकात छापलेल्या नसतात. राउंडला सिनिअरने जाता जाता टाकलेल्या वाक्यातून त्या उतरतात. फ्रेडरिक हॅफर्टी 1994 पासून ज्याला छुपा अभ्यासक्रम म्हणत आले, तो हाच. ‘खेड्यातल्या बायका उगाच विव्हळतात’ हे पेशंटच्या उशाशी बोललेलं एक वाक्य दहा इंटर्न ऐकतात.

आपल्याकडचे पुरावे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नव्हती तोवर दलित मुलं सवर्ण मुलांइतकीच हुशारीने सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारल्यावर त्यांची कामगिरी घसरली. भर वर्गात ‘तू अमक्यांचा ना?’ विचारणाऱ्या प्रत्येक सरांनी हा निष्कर्ष वाचावा, असं मनापासून वाटतं. प्रश्न प्रेमाने विचारला म्हणून त्याचा परिणाम पुसला जात नाही.

दुसरा अभ्यास रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा, 2012 चा. त्यांनी भारतातल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, वय, लिंग ही माहिती कशीही बदलून लावली आणि शिक्षकांकडून तपासून घेतली. पेपर तोच असतानाही खालच्या मानलेल्या जातीचा शिक्का असलेल्याला थोडे कमी मार्क पडले. फरक लहान होता. पण हे कमी मार्क मुख्यतः दिले ते त्याच जातींतून आलेल्या तपासनिसांनी, उच्चवर्णीय तपासनिसांत तसा कल दिसला नाही. शिवाय गठ्ठ्यातले सुरुवातीचे पेपर तपासताना हा कल जास्त दिसला, तपासनीस सरावला तसा ओसरला. मराठी माध्यमातून शिकलेले मराठी सर मराठी माध्यमाच्याच मुलाला ‘इंग्लिश जमत नाही, हा टिकणार नाही’ म्हणून आधीच बाजूला काढतात, तेव्हा त्याची मुळं इथे शोधायला हवीत. ‘ते’ आपल्यावर अन्याय करतात, एवढ्यावर हा विषय संपत नाही.

उघड भेदभावही आहेच. दिल्लीच्या एम्ससाठी 2006 मध्ये नेमलेल्या सुखदेव थोरात समितीने 2007 च्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकल आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, येणारे भेदभावाचे अनुभव नोंदवले. जाणूनबुजून केलेल्या छळाला ‘नकळत’चं पांघरूण घालायला माझा ठाम विरोध आहे. त्याला शिस्तभंगाची कारवाईच हवी.

मग कमी करायचं कसं? पहिला उपाय जागृतीचा. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात 2012 मध्ये प्रवेश समितीच्या सगळ्या 140 सदस्यांनी ग्रीनवाल्ड यांची ती जोड्या लावण्याची चाचणी दिली आणि आपापला कल पाहिला. मुलाखती घेताना तो निकाल ध्यानात ठेवल्याचं त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी पुढे सांगितलं. पण 2019 मध्ये शेकडो अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा चाचणीतला कल बदलला म्हणून वागणूक बदलतेच असं दिसलं नाही. एक दिवसाची कार्यशाळा, सर्टिफिकेट आणि चहा यावर थांबणाऱ्या कॉलेजांनी हे लक्षात घ्यावं.

टिकाऊ काम पद्धत बदलल्यानेच झालं आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये जी परीक्षा मांडली, ती आज आपण ओस्की म्हणून ओळखतो. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच स्टेशनांवर, तेवढ्याच वेळात, तेच काम. मार्क आधी ठरलेल्या यादीवरून, आणि दर स्टेशनला परीक्षक वेगळा, म्हणजे एकाच्या मनातली अढी सगळा निकाल ठरवत नाही. विद्यापीठाच्या थिअरी पेपरवर नाव नसतं, नंबर असतो, तीही अशीच सोय. भारतात 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित एमबीबीएस अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमूल्यांचा वेगळा भाग आला, सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषाही आली. बेळगावात स्थानिक भाषा एकच धरून भागत नाही, हे तो शिकवणाऱ्याने पहिल्याच तासाला सांगितलं पाहिजे.

खुली जागा उरते ती समोरासमोरच्या व्हायवाची आणि वॉर्डातल्या पोस्टिंगच्या शेवटी तिथल्या युनिटच्या डॉक्टरांनी द्यायच्या मार्कांची. तिथे नाव, उच्चार, गाव सगळं समोर असतं. सीमाभागातल्या कॉलेजांना यासाठी वेगळा निधी लागत नाही. व्हायवाचे प्रश्न आधी लिहून ठेवावेत, दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता मार्क मांडावेत, इंग्रजीच्या सफाईचे मार्क विषयाच्या मार्कांत मिसळू नयेत. एका स्टेशनवरचा पेशंट खानापूरकडची मराठी बोलणारा असावा, दुसऱ्यावर फक्त कन्नड येणारी आजी असावी, आणि भाषा येत नसताना विद्यार्थी सिस्टरची मदत कशी घेतो, याला मार्क असावेत. ज्याला दोन्ही भाषा येतात तो खानापूर-बैलहोंगलचा पोरगा त्या दोन स्टेशनांवर सहसा सगळ्यांत पुढे असेल.