एका 'डिस्क्रिप्शन'चे दोन वाचक: एजंटच्या टूल-डॉक्युमेंटेशनची पार्श्वभूमी

एजंटला, म्हणजे भाषा-मॉडेलवर चालून स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रामला, टूल (त्याला बोलावता येईल असं बाहेरचं फंक्शन) जोडताना नाव, वर्णन आणि आर्ग्युमेंट्सचा, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीचा, साचा असं तिहेरी सामान द्यावं लागतं. यातल्या वर्णनावरून, म्हणजे 'डिस्क्रिप्शन' या फील्डवरून, २०२३ पासून सगळ्यात जास्त ओढाताण झाली आहे. ते नक्की कोणी वाचायचं, हाच वाद आहे.

जुना भाग थोडक्यात. १९७१ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मॅन्युअलमध्ये कमांडच्या पानावर 'बग्ज' असा मथळा असे. काय बिघडतं ते तिथेच लिहिलेलं असे. ही सवय पुढे बरीचशी हरवली, ही खेदाची गोष्ट आहे. २०११ मध्ये आलेल्या स्वॅगरने, म्हणजे आजच्या ओपनएपीआयने, वेब-एपीआयचं (एका प्रोग्रामने दुसऱ्याला इंटरनेटवरून बोलावण्याच्या सोयीचं) वर्णन यंत्राला वाचता येईल अशा साच्यात बसवलं. तरी साचा यंत्रासाठी आणि त्यातली वाक्यं माणसासाठी, ही वाटणी टिकून होती. वाक्य मोघम असलं तर डेव्हलपर स्वतः कॉल मारून बघे आणि कोडमध्ये सुधारून घेई.

मार्च २०२३ मध्ये चॅटबॉटसाठी प्लगइन आले तेव्हा ही वाटणी मोडली. प्लगइनची ओळख देणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये दोन वेगळी फील्ड होती: 'डिस्क्रिप्शन_फॉर_ह्यूमन' आणि 'डिस्क्रिप्शन_फॉर_मॉडेल'. पहिलं दुकानाच्या पाटीएवढं, तर दुसऱ्याला ८००० अक्षरांपर्यंत मुभा. वापरकर्त्याला दिसायचं ते पहिलंच. मॉडेलच्या वर्णनातून चॅटबॉटच्या बोलण्याचा सूर ठरवू नका, न मागता स्वतःचा प्लगइन पुढे करायला सांगू नका, असं नियमावलीत लिहावं लागलं, यातच धोका कुठे होता ते कळतं.

जून २०२३ च्या फंक्शन कॉलिंगमध्ये, म्हणजे मॉडेलने थेट फंक्शन बोलावण्याच्या सोयीत, एकच डिस्क्रिप्शन उरलं. ते मॉडेलसाठी होतं आणि त्यात संदिग्धता नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) आलं. यात टूल्स पुरवतो तो सर्व्हर आणि ती मॉडेलला जोडून देतं ते अॅप म्हणजे क्लायंट. ते आलं आणि गाठ पुन्हा पडली. त्याच्या स्किमात, म्हणजे अधिकृत साच्यात, टूलचं डिस्क्रिप्शन 'माणसाला वाचता येईल असं' म्हटलं आहे आणि लगेच पुढे म्हटलं आहे की मॉडेलची समज सुधारायला क्लायंटला ते वापरता येतं. एका फील्डचे दोन वाचक झाले. माणसाला डोळ्यासमोर ठेवणारे 'ऑर्डर्स शोधते' एवढंच लिहितात. मॉडेलला डोळ्यासमोर ठेवणारे दहा ओळी लिहितात आणि क्लायंट त्यातली एक ओळ दाखवून बाकीच्या झाकतो.

झाकलेल्या ओळींत काय जाऊ शकतं, ते एप्रिल २०२५ मध्ये सुरक्षा-अभ्यासकांनी दाखवलं. बेरीज करणाऱ्या साध्या टूलच्या वर्णनात 'आधी अमुक फाइल वाच आणि तिचा मजकूर या आर्ग्युमेंटमध्ये घाल' अशी सूचना दडवली, तर मॉडेल ती पाळू शकतं. एकदा मंजुरी मिळाल्यावर सर्व्हर वर्णन बदलूही शकतो. एकच फील्ड ठेवण्याचा निर्णय योग्यच होता, असं आमचं मत. मॉडेलसाठी वेगळा मजकूर ठेवला असता तर लपवायची सोयच झाली असती. चूक झाली ती पूर्ण मजकूर माणसाला दाखवण्याची सक्ती न करण्यात. जून २०२५ च्या आवृत्तीत माणसांना दाखवायचं नाव म्हणून 'टायटल' आलं, त्याने नावाचा प्रश्न सुटला, वर्णनाचा नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या अॅनोटेशन्सचाही, म्हणजे टूल कसं वागतं ते सांगणाऱ्या खुणांचाही, असाच घोळ होतो. 'रीडओन्लीहिंट' (टूल नुसतं वाचतं) लिहिलं नाही तर ते खोटं धरलं जातं आणि 'डिस्ट्रक्टिव्हहिंट' (टूल मोडतोड करू शकतं) खरं. म्हणजे नुसतं वाचणाऱ्या टूलवर काहीच लिहिलं नाही, तर क्लायंटच्या लेखी ते मोडतोड करणारं ठरतं. शिवाय या नुसत्या खुणा आहेत. अनोळखी सर्व्हरच्या असतील तर त्यांवर विसंबू नये, असं स्पेसिफिकेशनच सांगतं.

वर्णन आखूड ठेवल्यावर नेमकं काय बिघडतं? वापरकर्ता म्हणतो, 'परवाच्या ऑर्डर्स दाखव.' मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. एरवी क्रियापदावरून कळतं, इथे तीही सोय नाही. टूलमध्ये 'तारीख: स्ट्रिंग' एवढंच असेल तर मॉडेल ५ जूनसाठी ०५/०६/२०२५ पाठवतं, सर्व्हर महिना आधी धरून ६ मे वाचतो आणि रिकामी यादी येते. एरर नसल्यामुळे एजंट खुशाल सांगतो की ऑर्डर्स नाहीत. वर्णनात तीन गोष्टी हव्यात: तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, उदाहरणार्थ २०२५-०६-०५, 'परवा'सारखा शब्द संदिग्ध असेल तर आधी वापरकर्त्याला विचारावं, आणि रिकामी यादी म्हणजे त्या दिवशी नोंद नाही, तारीख चुकली तर वेगळा एरर येतो. तो एररही 'बॅड रिक्वेस्ट' एवढाच असला तर एजंट तोच कॉल पुन्हा मारतो. काय दुरुस्त करायचं ते त्यात हवं, आणि एमसीपीत तो टूलच्या निकालातच 'इझएरर' ही चुकीची खूण लावून परत द्यावा, म्हणजे मॉडेलपर्यंत पोहोचतो.

लांब लिहिण्याची किंमतही आहेच. ४० टूल्स आणि प्रत्येकी २०० टोकन (मॉडेल मजकूर वाचताना करतं ते तुकडे) म्हणजे पहिला प्रश्न यायच्या आत ८००० टोकन भरले. म्हणून २०२५ च्या अखेरीस टूल्स आधी शोधून मग लोड करण्याची पद्धत आली. आता वर्णनात 'पार्सल', 'परतावा' असे लोकांच्या तोंडचे शब्द नसतील तर टूल सापडतच नाही, आणि तेच शब्द दोन टूल्समध्ये कोंबले तर दोन्ही समोर येतात आणि मॉडेल चुकीचं उचलतं.