झाडावर दिसेल ते सगळं बांडगूळ नसतं
झाडाच्या फांदीवर दुसरं काही उगवलेलं दिसलं की सरसकट एकच शब्द, बांडगूळ, आणि लगेच कोयता. पावसाळ्याच्या तोंडावर हमखास कोणीतरी फोटो टाकतं, "आंब्यावर बांडगूळ आलंय, काय करू?" आणि फोटोत असते सीतेची वेणी, म्हणजे आमरी, म्हणजे ऑर्किड! खाली लोक सांगतात छाटून टाका. आमच्या गावच्या आंब्यावरची वेणी अशीच गेली, फांद्या साफ करायला आलेल्या माणसाने खरवडून काढली, खाली पडलेले तुरे अजून गुलाबी होते. अजून वाईट वाटतं.

बांडगूळ परजीवी असतं हे सगळ्यांना माहितीये. अमरवेलही तशीच, पिवळ्या दोऱ्यांचा गुंता, ती ओळखायला कोणी चुकत नाही. घोळ होतो तो झाडावर राहणं आणि झाडातून पिणं हे एकच समजल्यामुळे.

आमरी फांदीवर नुसती बसलेली असते. मुळं सालीवरून पसरतात, आत शिरत नाहीत. मुळांवर स्पंजसारखं आवरण असतं, ते पावसाचं पाणी धरून ठेवतं, आणि खत म्हणजे सालीच्या खाचांत साठलेला पालापाचोळा आणि धूळ, बस. कोरडं मूळ राखाडी-पांढरं दिसतं, त्यावर थोडं पाणी शिंपडा, बघता बघता हिरवट होतं. झाडाकडून तिला हवी फक्त उजेडातली जागा. याला अपिवनस्पती म्हणतात, आणि अशा नात्याला कमेन्सॅलिझम, एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं काही जात नाही.

बांडगूळ मात्र फांदीच्या आत घुसतं, थेट लाकडातल्या पाण्याच्या नळ्यांपर्यंत. इथे लोक हमखास विचारतात की पानं तर हिरवीगार आहेत मग परजीवी कसं? पानं हिरवी म्हणजे अन्न ते स्वतः बनवतं हे खरंच आहे, पण त्यासाठी लागणारं पाणी आणि क्षार आंब्याचे घेतं, म्हणून ते अर्धपरजीवी. त्यामुळे हिरवेपणावरून काही ठरवू नका, जोड बघा. बांडगुळाच्या बुडाशी फांदी गाठीसारखी फुगलेली असते आणि पुष्कळदा त्या गाठीच्या पुढची फांदी वाळत गेलेली दिसते. आमरीच्या मुळाखाली साल जशीच्या तशी. फांदी मेली तर बांडगूळ तिच्याबरोबर मरतं, आमरी वाळक्या फांदीवरही तग धरते.

आणि बांडगूळ म्हणजे नुसती कीड, हेही मला पटत नाही. फुलटोच्या त्याची फळं खातो, बी इतकं चिकट की पक्षी ते फांदीला घासून काढतो आणि तिथेच ते रुजतं. पक्ष्याला खाणं मिळतं, बांडगुळाला नवीन फांदी. म्हणजे तेच झाड आंब्याचं परजीवी आणि फुलटोच्याचं सोबती, नातं दोघांमधलं असतं, एकट्या झाडाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून रानातलं बांडगूळ मी राहू देतो.

बागेतल्या कलमावरचं बांडगूळ मात्र काढाच, त्याला फळं धरायच्या आत, आणि नुसतं उपटू नका, आत राहिलेल्या भागातून परत फुटतं. गाठीच्या खाली, खोडाकडच्या बाजूने फांदीच कापा.