थोड्या पैशांत जास्त उजेड

फोर्टात बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहिलं, की 'किती मेगापिक्सेल?' हा प्रश्न कानावर पडतोच. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, फोटो ज्यांचा बनतो ते बारीक ठिपके. विचारणाऱ्याचा दोष नाही. एके काळी तो प्रश्न बरोबरच होता. १९७५ मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनीअरने डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात जेमतेम १० हजार पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. त्यानंतर बरीच वर्षं पिक्सेल वाढले की फोटो सुधारायचा. आता तसं राहिलेलं नाही. ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला २२ लाख पिक्सेल पुरतात, फुल एचडी टीव्हीला २१ लाख. १२ बाय १८ इंचांची फ्रेम भिंतीवर लावायची, तीही जवळ जाऊन न्याहाळण्याइतकी स्पष्ट हवी, तरी २० मेगापिक्सेलमध्ये काम होतं. दहा वर्षांपूर्वीच्या साध्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यातसुद्धा, २४ असायचे.

हात आखडता घ्यायचा असेल, तर आहेत ते पैसे उजेडावर खर्च करावेत. सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, प्रकाश सलग धारेने पडत नाही. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून येतात, आणि पुढचा कधी येईल याचा नेम नसतो. त्यामुळे एकसारख्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला तरी शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांत सारखे फोटॉन जमत नाहीत. हा फरक साधारण जमलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. १०० फोटॉन जमले तर दहाएकांचं मागेपुढे, म्हणजे १० टक्के; १० हजार जमले तर १००चं, म्हणजे अवघा १ टक्का. अंधुक हॉलमधल्या साखरपुड्याच्या फोटोत नवऱ्या मुलाच्या काळ्या कोटावर जे रवाळ दाणे दिसतात, ते बऱ्याच अंशी याचेच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवून उजेड वाढत नाही. जमलेला थोडका संकेत मोठा करून दाखवला जातो, दाण्यांसकट.

उजेड जमतो तो सेन्सरवर, त्यामुळे पहिली चौकशी त्याच्या आकाराची. खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत आणि लांबलचक झूमच्या 'ब्रिज' कॅमेऱ्यांत तो बहुधा १/२.३ इंची असतो. हे इंच जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचनळ्यांच्या मापावरून आलेले आहेत, त्यावर जाऊ नये. खरं माप ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटर. तेरा पट! चाळीतल्या खोलीत पार्टिशनं घालून चाराची आठ बिऱ्हाडं केली तरी खोली मोठी होत नाही. २८ चौरस मिलिमीटरमध्ये २० मेगापिक्सेल बसवणं त्यातलंच.

फोनचा सेन्सरही लहानच. पण आजचे फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतात. नऊ फ्रेम एकावर एक रचल्या की दाणे एक तृतीयांशावर येतात; पुन्हा तेच वर्गमूळ. म्हणून बऱ्यापैकी फोन हाताशी असताना छोट्या सेन्सरच्या खिशातल्या कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत. दुकानदाराला हे पटणार नाही, पण पैसे आपले आहेत.

मग काय घ्यावं? सेकंडहँड डीएसएलआर. मोठ्या कंपन्या आरसा नसलेल्या 'मिररलेस' कॅमेऱ्यांकडे वळल्या, तसे हौशी लोक आपले जुने कॅमेरे काढायला लागले आणि भाव उतरले. बॉडी (लेन्सविना नुसता कॅमेरा) साधी घेऊन वाचलेले पैसे लेन्समध्ये घालावेत. सोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स झूम करून ५५वर नेली की तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ उघडतं (हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). ५० मिलिमीटरची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स उघडते एफ/१.८. भागाकार करून वर्ग केला की जवळजवळ दहापट उजेड. तरीही ही लेन्स स्वस्त का, याचं उत्तर आरशात आहे. आरसा वर उडायला जागा हवी म्हणून डीएसएलआरमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून लांब ठेवतात, कॅननमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉनमध्ये ४६.५. ५० मिलिमीटरची लेन्स त्या अंतराशी आपसूक जुळते. कॅननची एफ/१.८ सहा काचांत भागते. त्याहून रुंद दृश्य हवं असेल, तर प्रतिमा मागे ढकलायला जास्तीच्या काचा घालाव्या लागतात.

मुंबईत मात्र या लेन्सची एक अडचण आहे. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलात, तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरमध्ये समोरच्या भिंतीचा जेमतेम १.४ मीटर भाग मावतो. आजी-आजोबा येतील, नातवंडं बाहेर राहतील. घरगुती फोटोच काढायचे असतील तर थोडे जास्त पैसे घालून ३५ मिलिमीटरची बघावी. तिच्यात दोन मीटर मावतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, तेव्हा बॉडीतल्या मोटरवर चालणारी जुनी 'एएफ-डी' लेन्स स्वस्तात पडली तरी फोकस हातानेच फिरवावा लागेल.

जुना माल घेताना दुकानातच चार गोष्टी उरकाव्यात. बिल आणि सीरियल नंबर जुळवणं तर आलंच. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, तो विचारावा. निकॉनच्या या साध्या बॉडींचं शटर एक लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं, तेव्हा ८० हजारांवर गेलेला कॅमेरा त्याच हिशेबाने मागावा. मग छिद्र एफ/१६वर नेऊन आकाशाचा एक फोटो काढून मोठा करून पाहावा. धूळ सेन्सरवरच्या काचेवर बसते; छिद्र बारीक केलं की किरणांची शंकूसारखी झोत निमुळती होते आणि त्या धुळीची सावली नेमकी उमटते. हेच एफ/१.८वर केलं तर काही दिसणार नाही. शेवटी लेन्स काढून, छिद्र पूर्ण उघडून, मागून फोनचा टॉर्च मारून तिरक्या नजरेने पाहावं. धुळीचे चार कण चालतात. पण कडेपासून आत सरकलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले तंतू दिसले, तर ती फंगस. ती लेन्स परत द्यावी आणि दुसरी मागावी.

कॅमेरा हातात आला की गणपतीत त्याची खरी परीक्षा. मंडपात फोटो सुरेख येतोय असं वाटतं आणि मूर्तीवरून आडवे काळसर पट्टे गेलेले दिसतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/५०० सेकंदावर असेल तर फ्रेमचा प्रत्येक भाग त्या चढउताराच्या वेगळ्या क्षणी टिपला जातो. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक भागाला पूर्ण फेरे मिळतात आणि पट्टे जातात. मेन्यूत ५० आणि ६० हर्ट्झ असा पर्याय असेल तर तो ५०वर आहे ना, तेही पाहावं. डिमरवर नाचणाऱ्या रोषणाईला मात्र हा उपाय नेहमी लागू पडत नाही.

उजेड विकत घेता येत नसेल तर वेळेकडून फुकट घेता येतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर कॅमेरा टेकवायचा, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, आणि शटर आठ-दहा सेकंद उघडं. एफचा आकडा तोच असेल तर मोठा सेन्सर एका सेकंदात जेवढा उजेड जमवतो, तेवढा जमवायला छोट्याला तेरा सेकंद लागतात, पण जमतो. गाड्यांचे दिवे रेघा होतात, इमारती जागच्या हलत नाहीत. रात्रीच्या स्थिर दृश्यासाठी म्हणूनच महागड्या बॉडीपेक्षा साधा ट्रायपॉड जास्त कामाचा.

पक्ष्यांची गोष्ट वेगळी. शिवडीच्या चिखलातले फ्लेमिंगो टिपायला ५० मिलिमीटर उपयोगाची नाही, आणि चांगल्या टेलिफोटोची किंमत ऐकून माणूस तसाच ट्रेनने परततो. इथे ब्रिज कॅमेराच परवडतो. मात्र त्याच्या झूमच्या टोकाला छिद्र एफ/६.५च्या आसपास असतं, आणि एवढ्याशा छिद्रातून आत येताना प्रकाश पसरतो. बिंदूची प्रतिमा सुमारे ८.७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होते, पिक्सेल असतो १.३ मायक्रॉनचा. एकेक ठिपका सहा-सात पिक्सेल रुंद, तेव्हा बॉक्सवरच्या मेगापिक्सेलांतले बरेचसे नुसते नावाला. तरी सकाळच्या उन्हात, भरती चढताना पक्षी काठाकडे सरकतात तेव्हा, चांगले फोटो मिळतात. दुपारी तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते, तेव्हा लाखाची लेन्सही हतबल.

राहिला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतली आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. एसीतून बाहेर पडताना लेन्सची काच दवबिंदूच्या खाली थंड असते, म्हणून ती लगेच धुरकटते. निघण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा. पाणी पिशवीवर साचतं, काच आत हळूहळू गरम होते. बुरशीला ६५ टक्क्यांच्या वरची दमट हवा आणि अंधार मानवतो. काचेवरचा तेलकट थर खाताना ती जे आम्ल सोडते, ते लेन्सच्या लेपावर कायमचं कोरलं जातं. कॅमेऱ्यासोबत मिळालेलं चामडी पाऊच कपाटात ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण. रबराची कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं बस्स. काटा ४० ते ५०च्या मध्ये असावा. निळे दाणे गुलाबी झाले की १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतात. त्यासाठी स्वयंपाकाची कढई मात्र घेऊ नये. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर नारिंगी दाणे आणावेत.